‘क्लेम घेतला होता का?’ – नाही!

विमा आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २०२० सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला लागून पुढचा बंपर आणि दिवा गेला. त्याचा १८,४०० रुपयांचा क्लेम मिळाला. यंदा रिन्युअलला जुन्या कंपनीने बारा हजारांच्या वर आकडा सांगितला. भाचा म्हणाला, “मामा, थांबा, ऑनलाइन कंपेअर करू.” तासभर त्याची फोनवर खटपट चालली होती. हे बदलून बघ, ते बदलून बघ करत त्याने ११,१११ चा आकडा ७,५७१ वर आणला. मी पैसे भरले. दीड महिन्याने गाडी सर्व्हिसिंगला दिली, तर गॅरेजवाला म्हणतो, “काका, तुमची पॉलिसी कॅन्सल दाखवतेय.” कंपनीला फोन केला. ‘चुकीचा नो क्लेम बोनस’ असं कारण सांगितलं. त्यांच्या मेल भाच्याच्या पत्त्यावर जात होत्या आणि जाहिराती समजून त्याने त्या उघडल्याच नव्हत्या. आम्ही कुणाला फसवलं नाही, फक्त तुलना केली. तुलना करणं गुन्हा आहे का? आता काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, कर्वेनगर

उत्तर : सर, तुलना करणं गुन्हा नाही. ती करावीच. पण तुम्ही पाठवलेली दोन्ही कोटेशन्स मी समोर ठेवून पाहिली, तर ती एकाच कंपनीची निघाली! म्हणजे तुलना कंपन्यांची झालीच नाही, तुमच्या दोन उत्तरांची झाली.

हिशेब बघा. दोन्हींत थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचे, ३,४१६ रुपये आहेत. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी १ जून २०२२ पासूनचा हा सरकारी दर. तो कुठल्याही कंपनीत गेलात तरी तेवढाच, त्यात घासाघीस नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा हप्ता पहिल्या कोटेशनमध्ये ६,०००, दुसऱ्यात ३,०००. वर १८ टक्के जीएसटी. झाले ११,१११ आणि ७,५७१. (मालकाचा अपघात विमा तुम्ही वेगळा काढलेला आहे, म्हणून तो यात नाही.) हे तीन हजार गेले कुठे? ‘गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ या प्रश्नाला भाच्याने ‘नाही’ केलं आणि तुमचा जुना ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडीच्या हप्त्यावर मिळणारी सूट, ५० टक्के झाला. खरं तर क्लेम घेतल्यावर तो शून्यावर यायला हवा होता. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी वर्षावर्षाने चढायची असते. खांबाला एकदा घासलं की सापशिडीतल्यासारखं थेट खाली.

भाच्याला फार रागावू नका. तुमचं पत्र वाचून मी माझ्याच गाडीचा नंबर एका साइटवर टाकून पाहिला. मॉडेल, वर्ष, इंधन सगळं आपोआप भरून आलं आणि क्लेमच्या प्रश्नापुढे ‘नाही’ आधीच निवडलेलं! मी काही न करता पुढे गेले असते, तर माझीही सही त्याखाली झालीच असती. या साइटवर सगळे रकाने एकसारखे दिसतात, घोळ तिथेच होतो. काही रकाने तुमच्या मर्जीचे असतात. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) थोडी खालीवर करा, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण) घ्या अगर सोडा, पहिले अडीच-पाच हजार मी सोसेन म्हणा, हप्ता हलेल आणि कुणी जाब विचारणार नाही. बाकीचे रकाने घडून गेलेल्या गोष्टींचे. क्लेम, आधीची पॉलिसी कधी संपली, गाडी कुणाच्या नावावर आहे, सीएनजी किट बसवलंय का. तिथे ‘बदलून बघ’ नाही. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत, निबंधाचा प्रश्न आणि जन्मतारखेचा रकाना यांतला फरक तुम्हाला मी काय सांगणार!

हे उघडकीला येतंच. मी विमा कंपनीच्या मोटार विभागात होते तेव्हा दुसऱ्या कंपनीतून आलेल्या प्रत्येक गाडीसाठी जुन्या कंपनीला ‘एनसीबी (नो क्लेम बोनस) कन्फर्म करा’ असं पत्र धाडायचो. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीत, त्याला २१ दिवसांची मुदत होती. गठ्ठेच्या गठ्ठे पोस्टात जायचे, उत्तरं कधी यायची, कधी नाही. आता क्लेमची माहिती कंपन्यांना संगणकावरच मिळते. तुमच्या अर्जातच लिहिलेलं असतं की बोनसचं निवेदन खोटं निघालं तर गाडीच्या नुकसानीचं संरक्षण जप्त. त्या मानाने आत्ताच कळलं हे बरं. गाडी ठोकल्यावर नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या तोंडून कळणं फार वाईट असतं.

आता तुमची बाजू. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपनीला पॉलिसी रद्द करता येते ती फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि तेही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन. एक चुकीची खूण म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक का, यावर भांडायला जागा आहे. अशा वेळी सहसा ‘फरक भरा’ असं कळवतात. तुमच्या बाबतीत तो फरक ३,५४० रुपये. भाच्याच्या इनबॉक्समध्ये तशी मेल आहे का, ती कुठल्या तारखेची, रद्द केल्याची कुठल्या तारखेची, हे आधी काढा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा : चूक मान्य, फरक भरायला तयार, पॉलिसी पूर्ववत करा, नाहीतर उरलेल्या काळाचा हप्ता परत द्या. ‘आम्ही फक्त तुलना करत होतो’ हे वाक्य मात्र त्यात घालू नका, ते तुमच्याच विरुद्ध जाईल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही.

पण हे सगळं नंतर. आज पहिलं काम म्हणजे गाडी हलवू नका. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. दंडाचं एक वेळ सोडा, कर्वे रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या पेन्शनमधून जाईल. नवी पॉलिसी काढताना खंड पडलाय म्हणून कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागेल. बंपरवरचे ओरखडे लपवू नका. ‘आधी कुणी पॉलिसी रद्द केली होती का’ असा प्रश्न असेल तर ‘हो’ लिहा. बोनस शून्य. फोन नंबर आणि मेल स्वतःचा द्या, भाच्याचा नको. पैसे भरण्याआधी शेवटचं पान, जिथे सगळी उत्तरं एकत्र दिसतात, ते चष्मा लावून स्वतः वाचा. लाल पेन घेऊन बसलात तरी चालेल.

पॉलिसी हातात येईपर्यंत रिक्षाने फिरा. नारायण पेठेत तशीही गाडी लावायला जागा मिळायची नाही.