दगड कुणी बसवला?

चि. पोरी,

काल कबरींवरच्या तुझ्या अभ्यासाबद्दलचा फोन ठेवला आणि झोप लागेना. "सर, सोलापुरात कुणी मोठं माणूस पुरलेलंच नाही, विषय बदलू का?" हे तू म्हणालीस, पण वाक्य मुळात तुझ्या संशोधनाच्या गाइडचं. ते तू आपलं करून घेतलंस, याचा राग आलाय.

कबरीपाशी उभं राहिलं की 'कोण पुरलंय' हे नंतर. दगड कुणी बसवला, हे आधी. पैसे कुणी घातले, अक्षरं कुठल्या भाषेत कोरली, ती वाचणारं घरात कुणी उरलंय का.

आपल्या द्वारकानाथ कोटणीसांचंच घे. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईला जी. एस. मेडिकल, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीन. तिथंच लग्न, मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ; यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फेफऱ्यानं गेले. वय ३२. एवढं कुणीही लिहील, आणि तू पाठवलेल्या दोन पानांत एवढंच आहे. दगड कुणी बसवला? आधी एका खेड्यात पुरलं होतं. पुढं शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी झाली. चीनमध्येच गेलेले कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यूनही तिथंच आहेत. परक्या मुलखातल्या डॉक्टरला खेड्यातून शहरात आणावंसं कुणाला वाटलं? ते लिही की.

किंवा स्वातंत्र्यलढ्यातले आपले चार हुतात्मे. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन. फाशी येरवड्यात, १२ जानेवारी १९३१. पुतळे आपल्या चौकात. रिक्षावाल्याला "चार पुतळे" म्हटलं की पुरतं. ती चार नावं एका दमात म्हणायची सवय गावाला कुणी लावली? पुन्हा तोच प्रश्न. कंटाळलीस तरी तोच.

आता माझं सांगतो. तिशीत असताना मीही वही घेऊन जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत फिरायचो. एका लहान थडग्यावर शेवाळ होतं. घाई होती, दुपारी शाळा होती. पिशवीत तारेचा ब्रश होता, घासलं. शेवाळाबरोबर दगडाचा पापुद्रा निघाला आणि त्यासोबत अर्धं नाव. पुढं दोन मुली, बदली, कर्ज... कारणं खरीच आहेत, पोरी, मी काही आळशी नव्हतो. पण खरं सांगायचं तर त्या दगडापाशी परत जायला तोंड नव्हतं. शेजारी एक म्हातारा खड्डे खणायचा, बापापासूनचं काम. त्याला विचारायचं राहिलं, आणि तो गेला.

म्हणून रविवारी साडेसातला ये. ऊन आडवं असतं तोवरच खोदलेल्या अक्षरांत सावली बसते. नऊनंतर दगड नुसता पांढरा दिसतो, आणि आपलं ऊन तुला ठाऊक आहे. बाटलीभर पाणी, मऊ दाढीचा ब्रश. अक्षरं उठवायला खडू नको, पीठ नको, तारेचा ब्रश तर आणूच नकोस. लिंगायत रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, आणि कबरस्तानात मात्र आधी तिथल्या माणसाची परवानगी काढ, चहा पी, मग वही उघड. मोबाइल खिशातच राहू दे.

माझी वही आणतो. चौदाव्या पानावर एका रेघेत फक्त 'एली' एवढंच आहे. पुढचं मी खरवडलं.