आवाज गेला, काम गेलं. आता मी कोण?

"नोकरी गेली की लोक दुसरी सुचवतात. माझा तर आवाजच गेला. आता मी कुणाच्या काय उपयोगाचा?"

ओहायोतल्या सिनसिनाटीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी हे मला टाइप करून पाठवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्राची एक नस दुखावली होती. कंपनीत नव्या माणसांना शिकवणं हे त्यांचं काम, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात निवेदनही त्यांचंच. आता ते घरातही बोलेनासे झाले होते. "अहो, निदान हळू तरी बोला," असं बायको म्हणाली की नुसती मान हलवायचे.

निवृत्ती, आजारपण, कंपनीतली कपात, कारण काहीही असो, "आता मी कोण?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. "सगळं ठीक होईल" असं मी म्हणत नाही. ते मला कुठून ठाऊक असणार? नस सावरायला किती महिने थांबायचं आणि आवाजाचे व्यायाम कधी सुरू करायचे, हे आधी घशाच्या डॉक्टरांना विचारून या, एवढंच सांगितलं. वाट बघायला मुदत असली की माणूस जरा झोपतो तरी.

ते बेंगल्सचे, म्हणजे सिनसिनाटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, कट्टर चाहते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या भेटीत सॅम वाइशचा विषय काढला. वाइश 1968 साली बेंगल्सच्या पहिल्याच मोसमात क्वार्टरबॅक होता, म्हणजे प्रत्येक चढाईची सूत्रं हाती असणारा खेळाडू. पुढे संघ बदलत राहिला, खेळाच्या सामानाचं दुकानही चालवलं. 1984 मध्ये बेंगल्सचाच मुख्य प्रशिक्षक झाला. जानेवारी 1989 चा सुपर बोल, म्हणजे या खेळातला विजेतेपदाचा सामना, 20-16 असा हरला, तोही शेवटची 34 सेकंदं उरली असताना. त्याच वर्षी डिसेंबरात प्रेक्षक मैदानावर बर्फाचे गोळे फेकू लागले, तेव्हा त्यानं माइक हिसकावून "तुम्ही क्लीव्हलंडमध्ये राहत नाही, सिनसिनाटीत राहता!" असं सगळ्यांना खडसावलं. (क्लीव्हलंड म्हणजे ओहायोतलंच प्रतिस्पर्धी संघाचं शहर.) हा किस्सा ऐकून गृहस्थ पहिल्यांदा हसले. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

पुढचं मात्र त्यांना माहीत नव्हतं. प्रशिक्षकपद गेल्यावर वाइश टीव्हीवर समालोचन करू लागला. 2000 साली बायोप्सी करताना त्याच्या स्वरयंत्राची नस दुखावली आणि ते कामही संपलं. मग तो दक्षिण कॅरोलायनातल्या पिकन्स हायस्कूलच्या पोरांना शिकवायला गेला, विनामूल्य. 2004 मध्ये बफेलो बिल्स या दुसऱ्या व्यावसायिक संघानं त्याला क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक नेमलं.

"तो नावाजलेला माणूस, त्याला कोण नाही म्हणणार?" त्यांनी लगेच टाइप केलं. आक्षेप रास्त होता, मी मान्य केला. फक्त एक काम दिलं: तुमच्या नोकरीतल्या कोणत्या गोष्टींना मोठा आवाज लागतो आणि कोणत्यांना लागत नाही, ते लिहून काढा. दुसरी यादी लांबलचक निघाली. समोरचा कुठे अडलाय ते ओळखणं, चुका तपासणं, एकेकट्याला समजावणं.

सध्या ते एका वेळी एकाच नवख्याला शिकवतात, गळ्यात छोटा ध्वनिवर्धक अडकवून. गणेशोत्सवाचं निवेदन दुसऱ्या कुणासाठी लिहून द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिलाय. मीही आग्रह धरलेला नाही.