आरोस काल्दो पहिल्यांदा करताना

कुकर बाजूला ठेव. शिट्ट्या काढून होतं ते बाळाचं खिमट. फिलिपिन्सचा आरोस काल्दो, म्हणजे कोंबडी-आल्याची तांदळाची पेज, मंद आचेवर, ढवळत ढवळतच होतो. आधी लसूण खरपूस तळून काढ. त्याच तेलात कांदा, बोटभर आलं (कंजुषी नको, सगळी मजा आल्यातच), मग हाडासकट कोंबडी परत. पातिस, म्हणजे मासळीचा खारट रस, तेव्हाच घाल. उग्र वास मरतो. १ वाटी तांदळाला ८ वाट्या पाणी. थोडा चिकट तांदूळ मिसळलास तर उत्तम. पिवळा रंग तिकडे कसुभ्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. हळद चालेल, पण चिमूटच. वरून उकडलेलं अंडं, कांद्याची पात आणि तो तळलेला लसूण. कालामन्सी, म्हणजे तिकडचं छोटं लिंबू, नसेल तर आपलं लिंबू पिळ. निवल्यावर घट्ट होतो. गरम पाणी घालून सैल कर.