सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी गेल्या आणि नऊ महिने राहिल्या. एवढं अन्नपाणी आलं कुठून? आणि लगेच दुसरं यान पाठवून त्यांना परत का आणलं नाही?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: अन्नपाणी त्या नऊ महिन्यांत कधीच संपायला आलं नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'खुर्ची'. वर माणूस उपाशी राहण्याची भीती फारशी नसते. त्याच्या नावाची परतीची खुर्ची आहे की नाही, ही खरी काळजी असते.

मी शास्त्रज्ञ नाही. चौदा वर्षं एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. रोज सकाळी कुठला माल किमान पातळीच्या खाली आला ते बघायचं आणि गाडी रस्त्यात अडकली तर लाइन किती दिवस चालेल याचा हिशोब ठेवायचा, हे माझं काम. अंतराळ स्थानकाचा नाद मला त्या हिशोबामुळेच लागला. 400 किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने फिरणारं ते घर 2 नोव्हेंबर 2000 पासून एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. म्हणजे तेव्हापासून तिथली रसद तुटलेली नाही. माझ्यासारख्याला याहून मोठं आश्चर्य दुसरं नाही.

आधी रसदीचं सांगतो. सुनीता विल्यम्स आणि त्यांचे सहकारी बुच विल्मोर 5 जून 2024 ला बोइंगच्या स्टारलायनर यानातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावर पोहोचले. तिथे आधीच सात जण राहत होते. त्यानंतर 6 ऑगस्टला अमेरिकेचं सिग्नस आलं, 17 ऑगस्टला रशियाचं प्रोग्रेस, 5 नोव्हेंबरला स्पेसएक्सचं मालवाहू ड्रॅगन, 23 नोव्हेंबरला आणखी एक प्रोग्रेस आणि मार्चच्या सुरुवातीला तिसरं प्रोग्रेस. नऊ महिन्यांत मालाची पाच यानं आली. एकेकात साधारण अडीच ते चार टन सामान. ही यानं काही त्या दोघांसाठी मुद्दाम सोडलेली नव्हती, ती ठरलेल्या फेऱ्यांचीच होती. घरात पाहुणे वाढले म्हणून वाण्याकडे धावावं लागलं नाही, कारण कणगी आधीच भरलेली होती. एखादं यान आलंच नाही तरी काही महिने निभावेल इतका साठा वर कायम ठेवलेला असतो.

पाण्याची गोष्ट त्याहून सुंदर आहे. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी करतात. अमेरिकी भागात जवळजवळ 98 टक्के पाणी असं परत मिळतं, हा टप्पा 2023 मध्ये गाठला गेला. बराचसा ऑक्सिजनसुद्धा पाण्यातून वीज सोडून वेगळा काढतात. आणि इथेच तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. स्टारलायनर निघण्याच्या थोडं आधी लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पंप वर बंद पडला. नवा पंप तातडीने पाठवायचा तर यानात जागा हवी. मग सुनीता आणि बुच यांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि त्या जागी पंप चढवला. आठच दिवस राहायचंय, वर ठेवलेल्या जादा कपड्यांवर भागेल, असा विचार होता. त्यामुळे जून-जुलै त्यांनी तसेच काढले. त्यांचे कपडे ऑगस्टच्या सिग्नसमधून आले. मला त्या दोघांबद्दल जो आदर वाटतो त्यातला बराचसा या एका प्रसंगामुळे आहे. अख्ख्या घराचं पाणी चालू राहावं म्हणून स्वतःची बॅग खाली ठेवून जाणारी माणसं आहेत ती.

हे सिग्नस स्वतःहून स्थानकाला चिकटत नाही. खालच्या कक्षेतून हळूहळू वर येतं. खालची कक्षा लहान आणि वेगवान असते, म्हणून मागून येणारं यान खाली राहूनच स्थानकाला गाठतं. मग ते स्थानकापासून साधारण दहा मीटरवर येऊन जणू थबकतं. दोघंही ताशी 28,000 किलोमीटरने पळत असतात, पण एकमेकांच्या तुलनेत जवळजवळ स्थिर. आतला अंतराळवीर साडेसतरा मीटर लांबीचा यांत्रिक हात पुढे नेतो आणि यानाच्या मागच्या बाजूचा दांडा अलगद पकडतो. प्रोग्रेस आणि ड्रॅगन मात्र आपापले येऊन जोडले जातात. जोडलं गेलं की दार लगेच उघडत नाहीत, आधी सांध्यातून हवा गळत नाही ना याची खात्री करतात. आतल्या पांढऱ्या कापडी पिशव्यांवर बारकोड असतात. कुठली पिशवी कुठल्या कप्प्यात गेली याची नोंद खाली पृथ्वीवर होते. एवढं करूनही वस्तू हरवतात. अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांनी 2023 मध्ये वर पिकवलेला एक टोमॅटो असाच तरंगत कुठेतरी गेला, तो त्यांच्या परतीनंतर सापडला, वाळून गेलेला. पाच मजली रॅकमध्ये नट शोधलेल्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

रिकाम्या झालेल्या यानाचं काय होतं, हेही सांगायला हवं. प्रोग्रेस आणि सिग्नसमध्ये हळूहळू कचरा भरतात आणि शेवटी ते वातावरणात जाळून टाकतात. त्याआधी प्रोग्रेसच्या इंजिनाने स्थानकाला ढकलून थोडं वर चढवतात, कारण तिथल्या विरळ हवेच्या घर्षणाने ते सतत थोडं थोडं खाली येत असतं. म्हणजे एकच यान वाणसामानाची गाडी, पाण्याचा टँकर, इंधनाचा टँकर, घंटागाडी आणि धक्का देणारं इंजिनही. ड्रॅगन तेवढं समुद्रात सुखरूप उतरतं, म्हणून प्रयोगांचे नमुने त्यातून खाली येतात.

मग रसद कधी अडचणीत आलीच नाही का? आली. 1 फेब्रुवारी 2003 ला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी अमेरिकेच्या कोलंबिया शटल यानाच्या अपघातात गेले. त्यानंतर शटलची उड्डाणं थांबली आणि सगळा भार छोट्या प्रोग्रेसवर आला. स्थानकावर तिघांऐवजी दोघंच ठेवायला लागले. 2004 च्या अखेरीस लिरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव वर असताना अन्न इतकं कमी उरलं की त्यांना मोजून खावं लागलं. 25 डिसेंबरला, ऐन नाताळात, प्रोग्रेस येऊन लागलं तेव्हा सुटका झाली. दुसरा कठीण काळ 2014-15 चा. 28 ऑक्टोबर 2014 ला सिग्नस घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट व्हर्जिनियात उड्डाणानंतर काही सेकंदांतच फुटलं. 28 एप्रिल 2015 ला निघालेलं प्रोग्रेस कक्षेत पोहोचून गरगरत राहिलं आणि जळून गेलं. 28 जूनला मालवाहू ड्रॅगनचं फाल्कन रॉकेट सव्वादोन मिनिटांत हवेतच तुटलं. आठ महिन्यांत तीन गाड्या दरीत! माझ्या स्टोअर्समध्ये असं झालं तर मी झोपू शकणार नाही. पण तीन वेगळी रॉकेटं, तीन वेगळी यानं, त्यामुळे एक बंद पडलं तरी बाकीची चालू राहिली. 3 जुलैला पुढचं प्रोग्रेस निघालं आणि दोन दिवसांनी पोहोचलं. ऑगस्टमध्ये जपानचं कोनोतोरी यान पाणी गाळायच्या यंत्रणेचे सुटे भाग ऐन वेळी चढवून गेलं आणि जपानच्याच किमिया युई यांनी यांत्रिक हाताने ते पकडलं. स्थानक रिकामं करावं लागलं नाही. साठा आणि एकाहून अधिक पुरवठादार, हे दोन आधार असतील तर माणसं तगतात.

आता खुर्चीकडे येतो. धान्य सगळ्यांत वाटून घेता येतं, खुर्ची येत नाही. आग लागली, हवा गळू लागली तर वर असलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी एखाद्या यानात बसून निघता आलं पाहिजे, असा नियम आहे. माणसं नेणाऱ्या रशियाच्या सोयुझ यानातली बैठक तर प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने साच्यात घालून बनवतात. डिसेंबर 2022 मध्ये एका सोयुझमधून थंड ठेवणारा द्रव गळून गेला, तेव्हा त्यातून आलेल्या फ्रँक रुबिओ यांची ती साच्यातली बैठक उचलून शेजारच्या, माणसं नेणाऱ्या ड्रॅगनमध्ये बांधली होती. बदली सोयुझ रिकामं पाठवायला फेब्रुवारी उजाडला. रुबिओ आणि त्यांचे दोन सोबती सहा महिन्यांसाठी गेले होते, 371 दिवस राहिले.

2024 चा हिशोब मी तेव्हा वहीत मांडला होता. जूनमध्ये वर नऊ माणसं: ड्रॅगनमध्ये चार खुर्च्या, सोयुझमध्ये तीन, स्टारलायनरमध्ये दोन. बरोबर नऊ. पण स्टारलायनरमधून हीलियम गळत होता आणि जोडणीच्या वेळी त्याची पाच छोटी इंजिनं बंद पडली होती, त्यातली चार नंतर चालू झाली. आणीबाणी आली तर त्यातूनच निघायचं, एरवी त्यात माणसं बसवायची नाहीत, असं अखेर ऑगस्टमध्ये ठरलं. माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता. यान पुढे रिकामं नीट उतरलं म्हणून निर्णय चुकला असं होत नाही.

'लगेच दुसरं यान' का नाही, याचं कारणही तिथेच आहे. ड्रॅगन किंवा स्टारलायनर ज्यांना लागू शकतात अशी दोनच पोर्ट स्थानकावर आहेत. एकावर आधीचं ड्रॅगन, दुसऱ्यावर स्टारलायनर. म्हणजे नवं यान यायचं तर आधी स्टारलायनर निघायला हवं. ते निघालं 7 सप्टेंबरला, आपल्या वेळेने पहाटे. त्या दिवशी वर माणसं नऊ, खुर्च्या सात. दोघांसाठी जुन्या ड्रॅगनमध्ये, चार खुर्च्यांच्या खाली सामान ठेवायच्या जागेत, फोम टाकून पट्टे बांधले. 29 सप्टेंबरला नवं ड्रॅगन येईपर्यंत तीन आठवडे सुनीता विल्यम्स यांची आणीबाणीची जागा ती होती. सूटचाही घोळ होता: बोइंगचा निळा सूट ड्रॅगनच्या खुर्चीला जोडता येत नाही. सुनीतांना बसेल असा एक सूट वर शिल्लक होता, बुच यांचा नव्या ड्रॅगनमधून आला.

मग सप्टेंबरअखेर खुर्च्या मिळाल्यावरही मार्चपर्यंत का थांबले? त्या ड्रॅगनच्या चमूचेच ते सदस्य झाले होते म्हणून. तो चमू आधी निघाला असता तर स्थानकाचा अमेरिकी भाग सांभाळायला एकटे अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट उरले असते. पुढचा चमू 16 मार्च 2025 ला पोहोचला, काम हातात दिलं आणि दोनच दिवसांत हे निघाले. 19 मार्चला आपल्याकडे पहाटे 3 वाजून 27 मिनिटांनी फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरले. मी मुलीला उठवून बसवलं होतं. कॅप्सूलभोवती डॉल्फिन पोहताना दिसले तेव्हा तिची झोप पूर्ण उडाली.

त्या खुर्च्या मात्र कुणाच्या तरी होत्या. सप्टेंबरच्या ड्रॅगनमधून चौघं जायचे होते. दोन जागा रिकाम्या ठेवायच्या म्हणून झेना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांना उतरवलं. कार्डमन तर त्या उड्डाणाच्या कमांडर होत्या, आणि ती त्यांची पहिलीच वेळ असणार होती. दोघींनी अनेक महिने सराव केला होता. 28 सप्टेंबरला ते यान त्यांच्याशिवाय गेलं. कार्डमन यांना त्यांची खुर्ची 1 ऑगस्ट 2025 ला मिळाली.