शिवी जरा जपून वापर
अरे, तू इथे नवा आहेस; इथे सगळेच शिव्या देतात म्हणून बिचकू नकोस, आणि लगेच तोंडही सैल सोडू नकोस. शिवी दर वेळी रागातूनच येते असं नाही. जिवलग मित्रांत ती लाडाचीही असते. ठेच लागली की तर हमखास निसटते. त्यालाही कारण आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. शिवी पुन्हा पुन्हा म्हणताना लोक जास्त वेळ टिकले, म्हणजे वेदना जास्त सोसू शकले. गंमत पुढेच आहे. २०११ च्या प्रयोगात उठसूट शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळाला. (हसू नकोस, मीही त्यातलाच!) तू आधी महिनाभर नुसता ऐक. कोण कोणाला काय म्हणतं आणि कोणाला अजिबात म्हणत नाही, ते आपोआप कळेल.