पासवर्ड बरोबर असूनही 'लॉगिन इनकरेक्ट' का येतं?

तुमचा प्रश्न असा: देवगडच्या दुकानातल्या संगणकावर भाच्याने गणपतीत उबुंटू (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलं आणि तो मुंबईला परतला. आता लाइट जाऊन आली की नुसता काळा पडदा येतो, पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही आणि शेवटी 'लॉगिन इनकरेक्ट'.

न उमटणं हा बिघाड नव्हे. तिथे पासवर्डचे ठिपकेसुद्धा दाखवत नाहीत. चूक नावात आहे की पासवर्डात, हेही मुद्दाम सांगत नाहीत. म्हणून आधी भाच्याला फोन करून युजरनेम नक्की करा. 'रूट' (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) टाकून बघत असाल तर सोडून द्या, उबुंटूत रूटला पासवर्डच दिलेला नसतो.

माझा पहिला संशय कीबोर्डवर. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बटणं धरतात, आणि शिफ्ट धरली की सगळंच बोंबललं. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून बघा, तिथे अक्षरं दिसतात. एंटर मात्र दाबू नका, खोडून टाका. शिफ्ट आणि 2 दाबल्यावर '@' ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह आलं, तर लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, ब्रिटिश आहे. मग '@' एंटरजवळच्या अवतरणाच्या बटणावर सापडेल. उजवीकडचे आकडे वापरत असाल तर नमलॉक बघा. माझं ऐकाल तर कुणाचातरी यूएसबी कीबोर्ड आणून लावाच, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

अक्षरं बरोबर असतील, तर पासवर्डच वेगळा आहे. संगणक सुरू होताना ग्रबच्या (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, त्यात 'रूट' निवडा. 'एलएस /होम' लिहिलं की बहुधा युजरनेमच दिसतं. मग नवा पासवर्ड देण्यासाठी 'पासडब्ल्यूडी', जागा सोडून ते नाव. (हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.) 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते. 'माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /' देऊन पुन्हा करा. लाइट अचानक गेली होती, तेव्हा त्याच रिकव्हरी मेनूतलं 'एफएससीके' (डिस्कची तपासणी) हेही चालवून घ्या.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डाने कुलूपबंद) असेल, तर सुरुवातीलाच विचारला जाणारा पासवर्ड वेगळा. तो या वाटेने बदलत नाही, तिथे भाचाच हवा. आणि आत गेल्यावर क्रोम 'कीरिंग'चा (साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागेल, तो जुनाच.