मंडळी कुठे भरते?

प्रश्न : माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलाचं नवापूरला लग्न आहे. पत्रिकेत लग्नाची जागा 'उपासना मंदिर', निमंत्रक 'मंडळी' आणि खाली 'मंडळीतर्फे वरण-बट्टीचे जेवण'. ती बोलताना मात्र सगळ्याला चर्चच म्हणते. 'आमचं चर्च आधी दिराच्या ओसरीत भरायचं', 'माझ्या माहेरचं चर्च वेगळं'. परवा बातम्यांत 'चर्चची भूमिका' असं काही ऐकलं, तर म्हणे, 'हे कोणतं चर्च, देव जाणे.' मला विचारायचा संकोच वाटला. चर्च म्हणजे नेमकं काय?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : बाई, पत्रिकेनेच तुमचं अर्धं काम केलंय. जागेला एक शब्द, माणसांना दुसरा. घोळ होतो तो बोलताना, कारण चर्च या एकाच शब्दाला आपण चार-पाच कामांना जुंपलंय. 'शाळा गळते', 'शाळा सहलीला गेली', 'पोराने शाळा सोडली' हे तुम्ही एका दिवसात तिन्ही म्हणत असाल. तसंच हे.

आता मूळ. बायबलच्या नव्या करारात आपण मराठीत 'मंडळी' वाचतो, तिथे बहुतेकदा मूळ ग्रीकमध्ये 'एक्लेसिया' हा शब्द आहे. तो ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. ग्रीक नगरांत नागरिकांना बोलावून जी सभा भरायची, ती एक्लेसिया. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय १९ काढून बघा. इफिस नगरात, ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाच्या विरोधात चांदीचे कारागीर उठतात, नाट्यगृहात गर्दी होते, दोन तास आरडाओरडा चालतो, आणि आपण कशासाठी जमलोय हे बहुतेकांना माहीतच नसतं. त्या गर्दीलाही मुळात एक्लेसियाच म्हटलंय! आमच्याकडच्या काही ग्रामसभा आठवल्या मला. तर शब्द इतका साधा, बाजारातला. पौलाने तोच उचलला आणि करिंथातल्या, थेस्सलनीकातल्या मूठभर माणसांना लावला.

इमारत तेव्हा नव्हतीच. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो. हे दोघे राहुट्या करणारे. म्हणजे कापड, सुया, दोऱ्याची रिळं बाजूला सारून लोक बसत असतील. सीरियात दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं असंच एक घर सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड. तुमच्या मैत्रिणीच्या दिराची ओसरी त्याच वाटेवरची समजा.

ती ओसरी कशी असेल तेही सांगू शकते, कारण नवापूरकडच्या पाड्यांवर मी अशा उपासनांना बसलेय. शेणाने सारवलेली जमीन, दाराबाहेर चपलांचा ढीग, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, ढोलकीवर मावची बोलीतलं गाणं. पाळक, म्हणजे उपासना चालवणारा धर्मगुरू, उभा राहिला की डोकं छपराच्या वाशाला लागायचं. तिथे कोणी 'चर्च कुठेय?' विचारलं असतं तर लोकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.

इमारत नसली तरी मंडळी असते, हे सांगायला मला धरण आठवतं. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा-अक्राणीतली गावं गेली आणि माणसं तळोदा-शहाद्याकडे येऊन वसली. घरं, शेतं, वाटा पाण्याखाली. पण 'कुठलं गाव?' विचारलं की म्हातारी माणसं अजून जुनंच नाव सांगतात.

माहेरचं चर्च वेगळं, याचा अर्थ पंथ वेगळा. रोमन कॅथॉलिक घरात फादर, मिस्सा (त्यांची मुख्य उपासना), धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतला समाज) हे शब्द ऐकू येतील आणि 'मंडळी'च्या जागी 'ख्रिस्तसभा'. प्रोटेस्टंट घरात पाळक, उपासना, मंडळी. त्यातही उपपंथ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यानंतर आमच्या भुसावळच्या चर्चची पाटी बदलली. बाकं तीच, घंटा तीच, मागच्या बाकावर डुलक्या घेणारे आजोबाही तेच. बातम्यांतलं 'चर्च' मात्र बहुधा बिशप किंवा मुख्य कार्यालय असतं. तुमच्या मैत्रिणीला तिथे कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ती वैतागली.

आणि सगळ्यांत मोठा अर्थ श्रद्धांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत येतो : 'पवित्र सार्वत्रिक मंडळी'. सगळ्या देशांतले, सगळ्या काळातले, जिवंत आणि गेलेलेही विश्वासी. मूळ शब्द 'कॅथॉलिक', म्हणजे सार्वत्रिक; तो एकट्या रोमचा नाही.

'मंडळी'चीही एक गंमत आहे. वडील भुसावळला रेल्वेत होते. एकदा त्यांनी शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांना सांगितलं, 'आज लवकर निघतो, संध्याकाळी मंडळीची सभा आहे.' जुन्या मराठीत मंडळी म्हणजे बायको! काकांनी कपाळाला हात लावला, 'आमना घर ते रोजच सभा भरस.' आई हे वर्षभर सांगत होती.

लग्नाला जा. चपला बाहेर काढायच्या की नाही, ते पुढच्याचं बघून ठरवा. बट्ट्या शेकायला मंडळी पहाटेच उठलेली असते, तेव्हा जेवल्याशिवाय निघू नका.

प्रश्न : गोव्यात चर्चला 'इगर्जी' म्हणतात. हा वेगळा पंथ आहे का?
– एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : नाही. पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून तो शब्द आला, आणि इग्रेजा थेट वरच्या एक्लेसियाची लेक. इंग्रजी 'चर्च'चं घराणं मात्र दुसरं : ग्रीक 'कुरियाकोन', म्हणजे प्रभूचं, प्रभूचं घर. गंमत बघा, ज्या शब्दाचं मूळ माणसांच्या सभेत, तो गोव्यात इमारतीला चिकटला.